खोलीच्या आतली खोली

घर आवरताना एक खोली पूर्ण रिकामी झाली आणि तिच्या मधोमध उभे राहून मी एक टाळी वाजवली. टाळी क्षणात संपली. खोली मात्र थांबली नाही. समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंतींमध्ये तो आवाज अडकून पडला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी एक बारीक झणझण कानाशी रेंगाळत राहिली. त्या दोन भिंतींमध्ये ३.६ मीटरचे अंतर आहे. ध्वनी साधारण तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका भिंतीपासून निघून दुसरीवर आपटून परत यायला त्याला २१ मिलिसेकंद लागतात. ही ये-जा सेकंदाला ४७-४८ वेळा होते. इतक्या भरभर येणारे पडसाद कानाला सुटे सुटे मोजता येत नाहीत. त्याला त्यांची एक सलग लकेर ऐकू येते. मी ऐकत होतो ती झणझण म्हणजे त्या दोन भिंतींमधले अंतरच होते.

ही खोली संगीत ऐकण्यासाठी ठेवायची, असे घरात ठरले होते. त्याआधी कित्येक वर्षे मी बैठकीच्या खोलीत, एका कोपऱ्यात दाटीवाटीने मांडलेल्या स्पीकरवर गाणे ऐकत आलो होतो. त्या काळात दोनदा स्पीकर बदलले, एकदा अॅम्प्लिफायर बदलला, तारा बदलल्या, आणि प्रत्येक वेळी आठवडाभर समाधान वाटून पुन्हा तीच तक्रार डोके वर काढी: डग्गा कधी फुगलेला, कधी पोकळ, गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मध्ये उभा राहण्याऐवजी एका बाजूला झुकलेला, आणि अर्ध्या तासात कानांना थकवा. उपकरणे बदलत होती आणि दोष बदलत नव्हता, यावरून दोष उपकरणांत नाही हे कळायला हवे होते. ते कळायला मला फार उशीर लागला. स्पीकर कितीही चांगला असला तरी त्याचा आवाज एकच वेळ थेट कानापर्यंत येतो. त्यानंतर तोच आवाज जमिनीवरून, छतावरून, चारही भिंतींवरून, पुन्हा पुन्हा, दर खेपेला थोडा वेगळा होऊन येत राहतो. आपण ऐकतो ते या सगळ्यांची बेरीज. साध्या घरगुती खोलीत या बेरजेत खोलीचा वाटा स्पीकरच्या वाट्यापेक्षा मोठा असतो, आणि तरीही खर्चाच्या यादीत खोली कुठेच नसते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक ध्वनिमुद्रणात एक खोली आधीच असते. सभागृहात घेतलेल्या मैफलीत सभागृहाचा निनाद आहे, छोट्या स्टुडिओत घेतलेल्या गाण्यात त्या स्टुडिओच्या भिंती आहेत. गायकाच्या मागे किती अवकाश होता, तबला त्याच्यापासून किती लांब होता, एखादी तान संपल्यावर तिची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, कशी विरत गेली, हे सगळे त्या मुद्रणात उतरलेले असते. आपण ते आपल्या खोलीत वाजवतो तेव्हा त्या खोलीवर आपली खोली चढते. आपली खोली बडबडी असेल तर आतली खोली ऐकूच येत नाही. ऐकण्याची खोली रचणे म्हणजे आपल्या खोलीला मागे सरायला शिकवणे, एवढाच त्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ मला पुढे लागला. पण तो लागण्याआधी मी एक मोठी चूक केली.

चुकीकडे येण्यापूर्वी वॉलेस क्लेमेंट सॅबिन या माणसाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्याच्या कामामुळे हा विषय अंदाजातून हिशेबात आला. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातले नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते. वक्त्याने उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही, तोवर पुढचे कित्येक शब्द त्यावर येऊन पडत, आणि श्रोत्यांच्या हाती गोंगाटाखेरीज काही लागत नसे. हे दुरुस्त करण्याचे काम भौतिकशास्त्राचा तरुण अध्यापक असलेल्या सॅबिनकडे आले. ध्वनी मोजणारी उपकरणे तेव्हा जवळपास नव्हतीच. त्याच्याकडे होती ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि स्वतःचे कान. बाहेरचा आवाज शमल्यावर, रात्री, तो आणि त्याचे मदतनीस जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या उचलून आणत, त्या व्याख्यानगृहात मांडत, नळी वाजवून थांबवत आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते टिपत. मग आणखी गाद्या, आणि पुन्हा तेच. उजाडण्यापूर्वी गाद्या परत जागेवर जात. अशा कित्येक रात्रींनंतर त्याच्या लक्षात आले की निनादाचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि खोलीतल्या एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मीटरमध्ये मांडले तर ०.१६१ ला घनफळाने गुणायचे आणि शोषणाने भागायचे, इतके ते सूत्र साधे आहे. त्याच्याच सल्ल्याने बांधलेला बॉस्टन सिंफनी हॉल १९०० साली उघडला आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याचे नाव घेतले जाते.

त्या सूत्रातले शोषण मोजायला सॅबिनने घेतलेले एकक मला फार आवडते: उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर पडलेला आवाज परत येत नाही, तेव्हा एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक चौरस मीटर परिपूर्ण शोषण. गालिचा, पडदा, गादी, अंगावर कपडे घालून बसलेला माणूस, या प्रत्येकाची किंमत मग किती चौरस मीटर उघड्या खिडकीएवढी, अशी सांगता येते. हे वाचल्यावर मी खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडून पुन्हा टाळी वाजवली, आणि झणझण खरोखरच उणावली. अर्थात तिच्या जागी बाहेरचा सगळा रस्ता आत आला.

माझ्या खोलीची लांबी ५ मीटर, रुंदी ३.६ आणि उंची २.९, घनफळ सुमारे ५२ घनमीटर. गिलाव्याच्या भिंती, फरशी आणि काच यांचे शोषण इतके थोडे की रिकाम्या खोलीचा निनाद माझ्या हिशेबाने अडीच सेकंदांच्या घरात जात होता. बॉस्टनच्या त्या भरलेल्या सभागृहाचा निनाद सुमारे १.९ सेकंद आहे, आणि तिथे तो शोभतो, कारण ते हजारो घनमीटरचे घर आहे. घरातल्या ऐकण्याच्या खोलीला ०.३ ते ०.५ सेकंद पुरतात. ०.४ धरले तर मला एकूण सुमारे २१ चौरस मीटर उघड्या खिडक्या हव्या होत्या.

कागदावर २१ हा आकडा दिसला आणि मी तो शक्य तितक्या लवकर गाठायच्या मागे लागलो. अडीच सेंटीमीटर जाडीचे, टोकाटोकांचे फोमचे चौकोन आणले आणि दोन्ही बाजूंच्या भिंती, मागची भिंत, छताचा निम्मा भाग, सगळे त्यांनी मढवून टाकले. खाली गालिचा आणि खिडक्यांना जाड पडदे आले. टाळी वाजवली तर ती हातातच मेली. मला वाटले, झाले काम.

त्याच आठवड्यात बहीण आली होती. ती गाते, रोज रियाज करते. खोलीत शिरून ती दोन वाक्ये बोलली आणि गप्प झाली. मग तिने षड्ज लावला, थोडा वेळ धरला, मध्येच सोडला आणि म्हणाली, "दादा, इथे स्वर गळ्यातून निघतो आणि तिथेच पडतो. माझा मलाच परत मिळत नाही. मग मी जोर लावते, आणि जोर लावला की सूर हलतो." ती पाच मिनिटांत बाहेर गेली. मी मात्र आत बसलो, आणि आठवडाभर स्वतःला जे कबूल करत नव्हतो ते तिच्या बोलण्याने कबूल करावे लागले: त्या खोलीत गाणे ऐकताना मलाही गुदमरल्यासारखे होत होते. झांजेची किणकिण, तारेवरच्या नखीचा स्पर्श, गायकाचा श्वास, हे सगळे पडद्याआड गेले होते, आणि डग्गा तर पूर्वीपेक्षाही अधिक घुमत होता.

असे का झाले, ते तरंगांच्या लांबीत दडलेले आहे. फोम किंवा लोकर यांसारखे सच्छिद्र पदार्थ आवाज खातात ते हवेच्या कणांच्या हालचालीला अडथळा करून. कण त्या छिद्रांतून ये-जा करताना घासले जातात आणि त्यांची ऊर्जा नकळत उष्णतेत जाते. पण भिंतीला टेकलेली हवा हलूच शकत नाही. हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. अडीच सेंटीमीटरचा थर म्हणजे सुमारे ३४०० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपने असलेल्या स्वराच्या) पाव तरंगलांबीएवढा. त्या आसपासचे आणि वरचे स्वर तो मनसोक्त खातो, खाली उतरत जाल तसा हतबल होतो. १०० हर्ट्झच्या तरंगाची पाव लांबी ८६ सेंटीमीटर आहे. त्या तरंगाच्या दृष्टीने माझा फोम भिंतीवरच्या रंगाएवढाच जाड होता. मी खोलीचा निनाद कमी केला नव्हता. त्याचा वरचा भाग कापून खालचा तसाच ठेवला होता. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवावेत असा सल्ला देणारे अजून भेटतात, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की ते पातळ पुठ्ठे फोमहूनही कमी कामाचे आहेत आणि लवकर पेट घेतात.

फोम उतरवला. भिंतींवर डाग राहिले, ते पुढे रंगवले. त्यानंतर मी दोन महिने खोलीत काहीही न लावता फक्त ऐकले आणि मोजले. मोजमापाचा एक साधा माइक आणि संगणकावरची मोफत मिळणारी प्रणाली एवढ्यावर हे काम होते: तळापासून माथ्यापर्यंत सरकत जाणारा एक स्वर स्पीकरमधून सोडायचा, माइक ऐकण्याच्या जागी ठेवायचा, आणि कोणता स्वर फुगला, कोणता गळाला, कोणता किती काळ मागे राहिला, याचा आलेख पाहायचा. पण आलेख पाहण्यापूर्वी मला तंबोऱ्याने जे शिकवले ते आधी सांगतो.

माझ्याकडे एक ध्वनिमुद्रण आहे, ज्यात गाणे सुरू होण्यापूर्वी बराच वेळ नुसता तंबोरा वाजतो. काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात लावलेला तंबोरा आहे. म्हणजे खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. ते मुद्रण मी हेडफोनवर इतक्या वेळा ऐकले आहे की त्या खर्जाचे वजन मला पाठ आहे. खोलीत, मागच्या भिंतीपासून सव्वा मीटरवर ठेवलेल्या खुर्चीत बसलो की तेच वजन नाहीसे होई. तार ऐकू येई, कारण तंबोऱ्याच्या नादात मूळ कंपनापेक्षा जवारीतून, म्हणजे तारेखालच्या घोडीच्या खास घडणीतून, उमटणारे उपस्वर अधिक ठळक असतात; पण तिच्याखालची जमीन गेल्यासारखी वाटे. खुर्चीतून उठून दाराकडे गेलो की खर्ज परत येई. खोलीच्या मध्यावर उभा राहिलो तर गरजेपेक्षा जास्त येई. एकच तंबोरा, एकच मुद्रण, आणि पावलागणिक वेगळा खर्ज.

याचे कारण समांतर भिंतींमध्ये उभे राहणारे स्थिर तरंग. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४.३ हर्ट्झचा तरंग अर्धा मावतो, ६८.६ हर्ट्झचा अख्खा एक मावतो, १०२.९ चा दीड. असा नेमका मावलेला तरंग पुढे जात नाही, जागच्या जागी श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि ओसरतो. भिंतींपाशी हवेचा दाब सर्वांत जास्त बदलतो, आणि मध्ये काही ठराविक जागा अशा असतात जिथे तो बदलतच नाही. ६८.६ हर्ट्झसाठी या मुक्या जागा दोन्ही टोकांपासून सव्वा-सव्वा मीटरवर येतात. मी खुर्ची सोयीची म्हणून जिथे ठेवली होती, नेमकी तिथे. तंबोऱ्याचा खर्ज आणि खोलीचा दुसरा तरंग यांच्यात एका हर्ट्झहून कमी अंतर होते. माझ्या खोलीला काळी एक लागत होती असेच म्हणायला हवे.

हे उमगले त्या दिवशी मी खुर्ची ६५ सेंटीमीटर पुढे ओढली, आणि खर्ज जागेवर आला. एक रुपयाही खर्च न करता घडलेला तो बदल आजवरच्या सगळ्या उपकरणांच्या बदलांहून मोठा होता. मागच्या भिंतीपासून १.९ मीटर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावे, असा एक ठोकताळा या क्षेत्रातले लोक सांगतात. माझी खुर्ची शोधत शोधत तिथेच पोचली. हा ठोकताळा प्रत्येक खोलीत लागू पडेलच असे नाही, पण शोधायला सुरुवात करण्याची जागा म्हणून तो चांगला आहे. भिंतीला टेकून बसणे मात्र टाळावे, कारण लांबीचे सगळे स्थिर तरंग भिंतीपाशीच सर्वाधिक फुगतात. आणि अगदी मध्यावरही बसू नये, कारण पहिला तरंग तिथे मुका असतो.

रुंदीचा पहिला तरंग ४७.६ हर्ट्झचा, उंचीचा ५९.१ चा. लांबी-रुंदी-उंचीचे आकडे एकमेकांपासून थोडे दूर असल्यामुळे हे तरंगही एकमेकांच्या डोक्यावर बसत नाहीत. तिन्ही बाजू तीन मीटरच्या असत्या तर तिन्हींचा पहिला तरंग ५७ हर्ट्झवर एकवटला असता आणि ती खोली त्या एकाच स्वरावर ओरडत राहिली असती. ज्यांना खोली निवडण्याची मुभा आहे त्यांनी चौकोनी ठोकळ्यासारखी खोली नाकारावी. ज्यांना नाही त्यांना खुर्ची आणि स्पीकर यांच्या जागा शोधायला अधिक दिवस द्यावे लागतील. साधारण १७५ हर्ट्झच्या खाली माझी खोली अशा मोजक्या तरंगांच्या ताब्यात आहे. त्याच्या वर तरंगांची इतकी दाटी होते की कोणा एकाचे राज्य राहत नाही, आणि सॅबिनचे सूत्र तिथून पुढे भरवशाचे ठरते.

मग जाड काम सुरू झाले. लाकडी चौकटीत दहा सेंटीमीटर रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, त्यावर आवाज आरपार जाईल असे विरळ विणीचे कापड, आणि भिंतीपासून आणखी दहा सेंटीमीटर मोकळी हवा. कापडातून फुंकर मारून पाहावी. फुंकर पलीकडे जाणवली तर आवाजही जाईल. मागे सोडलेली हवा फुकट असते आणि काम मात्र जाडी वाढवल्यासारखे करते, कारण लोकर भिंतीपासून दूर, हवा जिथे हलते तिथे जाते. कोपऱ्यांत याच लोकरीचे जमिनीपासून छतापर्यंत जाणारे त्रिकोणी खांब उभे केले. कोपऱ्यात लांबी आणि रुंदी दोन्हींचे तरंग येऊन थांबतात, म्हणून तिथे ठेवलेली लोकर दोघांनाही भेटते. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि नाकावर मुखपट्टी हवीच, आणि मागची बाजूही कापडाने बंद करावी, म्हणजे तंतू खोलीत उडत नाहीत.

बाजूच्या भिंतींसाठी आरशाची युक्ती आहे. मी खुर्चीत बसलो आणि बहिणीला भिंतीला लावून आरसा सरकवत न्यायला सांगितले. ज्या जागी मला आरशात स्पीकर दिसला, तिथूनच आवाजाचा पहिला पडसाद माझ्याकडे येत होता. असा पडसाद थेट आवाजापेक्षा दीड मीटर जास्त चालत असला तर चार-साडेचार मिलिसेकंद उशिरा पोचतो. संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवून दिले की एवढ्या लवकर आलेली पुनरावृत्ती कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही. ती मूळ आवाजात मिसळून जाते आणि दिशा पहिल्या आवाजाचीच मानली जाते. मिसळते म्हणूनच ती फसवी आहे. मूळ आवाजात तिची भर पडताना काही स्वर वाढतात, काही खोडले जातात, आणि गायकाचा आवाज पसरट होतो. त्या दोन जागी आणि डोक्यावर छताला एक, अशा तीन चौकटी लावल्या, आणि गायक दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन उभा राहिला. या क्षणाची मी किती वर्षे वाट पाहिली होती, ते लिहून सांगता येणार नाही.

स्पीकर भिंतीपासून किती दूर ठेवावेत, याचाही असाच हिशेब आहे. स्पीकरच्या मागची भिंत ८६ सेंटीमीटरवर असेल तर १०० हर्ट्झचा तरंग तिच्यावरून परत येताना बरोबर अर्धा तरंग मागे पडतो आणि थेट आवाजाला खोडतो. माझ्या स्पीकरना शेवटी ६० सेंटीमीटर मानवले.

पुस्तकांचे कपाट आवाज विखुरते, असे सर्रास सांगितले जाते. खोलगटपणा कमीजास्त असलेल्या पृष्ठभागावरून आवाज सगळीकडे पांगतो हे खरेच आहे. भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी १९७० च्या दशकात संख्यासिद्धांताच्या आधारे खाचांची खोली ठरवून असे विखुरक कसे करावेत ते मांडले, आणि आज ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत मागच्या भिंतीवर दिसणाऱ्या लाकडी खाचा तिथून आल्या. पण कपाटातली पुस्तके फार तर दहा सेंटीमीटर मागेपुढे असतात, आणि १००० हर्ट्झचा तरंग ३४ सेंटीमीटर लांबीचा आहे. त्याच्या खालच्या स्वरांना पुस्तकांची रांग ही जवळपास सपाट भिंतच. तरीही मागच्या भिंतीला मी कपाट ठेवले आहे, कारण वरच्या स्वरांना ते मदत करते, आणि पुस्तके त्या खोलीत असावीत असे मला वाटते.

शांततेबद्दल थोडे. शोषण आणि रोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत जवळजवळ सगळेच करतात. भिंतीला लावलेली लोकर आतला निनाद कमी करते. शेजारचा आवाज ती थांबवत नाही, कारण थांबवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले की रोध सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि दाराखाली बोटभर फट राहिली की ती सगळी मेहनत त्या फटीतून निघून जाते. मी भिंतींना हात लावला नाही. दार भरीव लाकडाचे केले, चारही कडांना रबरी पट्टी बसवली, उंबरठ्याशी खाली उतरणारी पट्टी लावली. पंखा बंद केल्यावर तो किती बोलत होता ते कळले. ऐकताना तो बंदच असतो. खोली शांत झाल्याचा मोठा लाभ असा की आवाज कमी ठेवूनही तपशील ऐकू येतात. मात्र फार हळू ऐकले तर खर्ज पातळ वाटतो, आणि हा दोष खोलीचा नसतो: कमी आवाजात आपला कान खालच्या स्वरांना कमी दाद देतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून ठेवले आहे.

संगणकाच्या साहाय्याने स्वर कमीजास्त करून खोली दुरुस्त करता येते, असा एक मार्ग आहे, आणि मी तो थोडा वापरतो. फुगलेला स्वर त्याने कमी करता येतो. मुकी जागा मात्र भरता येत नाही. तिथे स्पीकरमधून जितका आवाज जास्त सोडाल तितकाच तो भिंतीवरून परत येऊन स्वतःला खोडतो. शिवाय अशी दुरुस्ती एका खुर्चीपुरती असते. शेजारी बसलेल्या माणसाला ती बिघाड वाटू शकते, आणि एकट्यानेच ऐकायची खोली मला नको होती.

त्यासाठी बहिणीचे बोलणे मी विसरलो नाही. आता खोलीचा निनाद मधल्या स्वरांत ०.४ सेकंदाच्या जरा वर आहे, आणि तो तळापासून माथ्यापर्यंत बराचसा सारखा उतरतो. एकच भाग मागे रेंगाळत नाही. ध्वनिमुद्रणे ऐकायला हे पुरते. गाणाऱ्याला मात्र याहून थोडे अधिक परत मिळायला हवे असते. म्हणून बाजूच्या भिंतींवरच्या दोन्ही चौकटी मी खिळ्यांनी न ठोकता आकड्यांवर टांगल्या आहेत. ती येते तेव्हा त्या उतरवून बाहेर ठेवतो आणि गालिच्याचा अर्धा भाग गुंडाळतो. मागच्या खेपेस तिने षड्ज लावला, डोळे मिटून बराच वेळ धरला, आणि सोडल्यावर त्याची आस विरेपर्यंत काही बोलली नाही.

३४ हर्ट्झचे काम अजून व्हायचे आहे. या तरंगाची पाव लांबी अडीच मीटर भरते, म्हणजे लोकरीने त्याला धरायचे तर अर्धी खोली लोकरीने भरावी लागेल. त्यासाठी दुसरा उपाय आहे: बंद खोक्यावर ताणल्यासारखा बसवलेला प्लायवूडचा पत्रा, जो त्या एका स्वराला स्वतःच थरथरतो आणि त्याची ऊर्जा आत ठेवलेल्या लोकरीत मुरवतो. १८ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला सुमारे ११ किलो भरतो. त्याच्यामागे २८ सेंटीमीटर हवा बंद केली की तो ३४ हर्ट्झच्या आसपास बोलू लागतो, असे हिशेब सांगतो. हिशेब आणि लाकूड यांचे नेहमी जमतेच असे नाही, म्हणून आधी एकच खोके करून मोजणार आहे. पत्रा आणून मागच्या कोपऱ्याशी नुसता टेकवून ठेवला आहे. काल रात्री तंबोऱ्याचे ते मुद्रण लावले होते, आणि जाता जाता सहज त्यावर तळहात ठेवला, तर खर्जाच्या प्रत्येक छेडीला लाकडातून बारीक थरथर येत होती. चौकट अजून बांधायची आहे.